इंचमपल्लीचा अडथळा : गोदावरीवरील तीन योजना व लोकसंमतीचा प्रश्न

प्राणहिता ज्या ठिकाणी गोदावरीस मिळते तेथून इंद्रावतीच्या संगमापर्यंत, आणि त्याच्याही काहीसे खाली इंचमपल्लीच्या खडकांपर्यंत, गोदावरीचा जो प्रवाह आहे तो नकाशावर फार मोठा दिसत नाही. उत्तर तीरावर गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुका व त्यापलीकडे बस्तरचा प्रदेश, दक्षिण तीरावर पूर्वीचे निजामाचे राज्य व आजचा तेलंगण. तीरावरील लोक तेलुगू बोलतात, आतील अरण्यात माडिया व गोंडी चालते, आणि कचेरीची भाषा मात्र राज्यकर्त्यांबरोबर बदलत आली आहे. गेल्या सुमारे १६० वर्षांत या एवढ्याशा पट्ट्याकडे सरकारची दृष्टी तीनदा वळली. प्रथम जलमार्गासाठी, नंतर विजेसाठी आणि अखेरीस सिंचनाच्या पाण्यासाठी. या तीन योजनांचा स्थापत्यदृष्ट्या विचार पुष्कळ झाला आहे. ज्यांच्या तीरावर, शेतात व रानात त्या होणार होत्या त्यांना त्या त्या काळी कोणी काय विचारले, कोणत्या कायद्यान्वये विचारले आणि कोणत्या भाषेत विचारले, हा प्रश्न मात्र सहसा बाजूस राहतो.

पहिल्या योजनेचे मूळ समुद्रकिनाऱ्यावर आहे. सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात दौलेश्वरम येथे बंधारा घालून गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचे स्वरूप पालटले. त्यानंतर नदीच्या वरच्या भागाकडे त्यांचे लक्ष गेले. लोहमार्गापेक्षा जलमार्ग स्वस्त व हिंदुस्थानास अधिक उपकारक, हे त्यांचे आयुष्यभराचे मत होते. वऱ्हाड व नागपूर प्रांताचा कापूस वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांतून नौकांनी खाली नेऊन काकिनाडा बंदरात समुद्रास पोहोचवावा, अशी ही कल्पना होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि एरवी कागदावर राहिली असती अशी ही योजना एकाएकी निकडीची ठरली. चांद्याच्या अरण्यास बंदराशी जोडण्याचा हा पहिला आणि बहुधा शेवटचा गंभीर प्रयत्न होय. आज सिरोंच्यास गेलेल्या प्रवाशास तेथून काकिनाड्याचे बंदर आठवण्याचे काहीच कारण नाही, परंतु १८६० च्या दशकातील अधिकाऱ्याच्या दृष्टीने सिरोंचा हे बंदराच्या वाटेवरील ठाणे होते.

या मार्गात तीन मोठे खडकाळ अडथळे होते. पहिला भद्राचलमजवळ दुम्मगुडेम येथे, दुसरा इंचमपल्ली येथे, तिसरा प्राणहितेवर अहेरी भागात देवलमरी येथे. प्रत्येक ठिकाणी बंधारा, कालवा व जलपाश बांधून नौका वर चढवावयाच्या होत्या. कामाची सूत्रे कॅप्टन हेग या अभियंत्याकडे होती, आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा तीस उत्साहाचा पाठिंबा होता. त्याआधीच, १८६० च्या तहाने, गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके निजामाकडून इंग्रजांकडे आले व नदीवरील वाहतूक जकातमुक्त ठरली. या नव्या मुलखाचा ‘अप्पर गोदावरी’ नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला व सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे झाले. तेथील डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड याच्या नावाची आठवण सिरोंचा तालुक्यातील ग्लासफोर्डपेठा या गावाच्या नावात अद्याप टिकून आहे. योजनेचा मात्र त्या परिसरात कोणास फारसा पत्ता नाही.

या वेळी विचारणा झाली ती कोणाकडे, हे पाहिले असता तिचे स्वरूप स्पष्ट होते. निजामाशी तह झाला, म्हणजे एका राजसत्तेने दुसरीस विचारले. टेंपल यांनी १८६३ मध्ये मध्य प्रांतातील जमीनदाऱ्यांविषयी विस्तृत अहवाल तयार केला. त्यात चांद्याच्या जमीनदाऱ्यांचे, त्यांपैकी सर्वांत मोठ्या अहेरीचे, हक्क व दर्जा यांचा विचार आहे. म्हणजे विचारणेची दुसरी पायरी जमीनदारापर्यंत आली. त्याखाली ती उतरली नाही. याच भागात बाबूराव शेडमाके यांचा उठाव होऊन, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांस चांदा येथे फाशी देऊन पुरती पाच वर्षेही लोटली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे जमीनदाराच्या निष्ठेविषयी सरकार इतके दक्ष का होते ते कळते. रयतेचे मत हा त्या काळच्या राज्यव्यवहारात विचारणेचा विषयच नव्हता. तो केवळ बंदोबस्ताचा विषय होता.

असे असूनही ही योजना फसली, आणि ती फसण्यात रयतेचा अप्रत्यक्ष वाटा होता असे म्हणण्यास जागा आहे. नदीस पुरेसे पाणी वर्षाचे काही महिनेच असे. हिवतापाने माणसे खचत, आणि स्थानिक मजूर या कामावर टिकत नसत. अरण्यातील माणसाने अर्ज केला नाही, सभा भरविली नाही. तो कामावर आला नाही, एवढेच. दुसरीकडे १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास पोहोचली व वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे वळला. १८७१ मध्ये सरकारने योजना सोडून दिली. दुम्मगुडेमचा बंधारा उभा राहिला, इंचमपल्लीचे काम पुरे झालेच नाही. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला, खालचे तालुके मद्रास इलाख्यात गेले व सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडला गेला.

पहिल्या व दुसऱ्या योजनेमधील शंभर वर्षांत रयतेस विचारण्याची एक कायदेशीर रीत निर्माण झाली होती, हे मात्र नमूद केले पाहिजे. ती जलमार्गाच्या संदर्भात नव्हे तर वनांच्या संदर्भात आली. १८७८ च्या वन कायद्याने व पुढे १९२७ च्या कायद्याने एखादे रान राखीव करावयाचे झाल्यास वन जमाबंदी अधिकाऱ्याने आसपासच्या प्रत्येक गावी स्थानिक भाषेत जाहीरनामा प्रसिद्ध करावा, हक्क सांगण्यास तीन महिन्यांपेक्षा कमी नसलेली मुदत द्यावी, लेखी अथवा तोंडी सांगितलेला हक्क नोंदवून घ्यावा, असे ठरविले. तोंडी सांगितलेला हक्क ग्राह्य धरण्याची ही तरतूद त्या काळाच्या मानाने उदार म्हणावी लागेल. परंतु तिच्याच पुढे दुसरे कलम आहे : मुदतीत जो हक्क सांगितला गेला नाही तो नष्ट झाला असे समजावे. ज्या समाजात रानाचा उपभोग हा हक्क म्हणून उच्चारलाच जात नव्हता, ज्याच्या गावाची सीमा गायता व पेरमा यांच्या स्मरणात होती, कागदावर नव्हती, त्या समाजाच्या बाबतीत मौन हेच संमतीचे रूप झाले. भूसंपादन कायद्यातही अशीच स्थिती होती. १८९४ च्या कायद्यात हरकत घेण्याचा अधिकार मुळी नव्हता. १९२३ मध्ये ‘कलम ५-अ’ आले व तीस दिवसांत हरकत घेण्याची मुभा मिळाली, तीही जमिनीत हितसंबंध असलेल्यास. पट्टा नसलेला माडिया शेतकरी हा हितसंबंध कोणत्या कागदाने सिद्ध करणार होता, याचे उत्तर कायद्यात नाही.

दुसरी योजना स्वतंत्र भारतातील आहे. गोदावरीच्या पाण्याचा तंटा १९६९ मध्ये न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखालील लवादाकडे गेला. त्याच्या सुनावणीच्या काळात संबंधित राज्यांनी आपसांत करार केले, आणि १९८० च्या अंतिम निवाड्यात हे करार समाविष्ट झाले. त्यांत इंचमपल्ली येथे गोदावरीवर आंध्र प्रदेश, महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांचा संयुक्त प्रकल्प योजिला होता. नियोजित वीजनिर्मिती ९७५ मेगावॅट, पूर्ण जलसंचयाची पातळी ११२.७७ मीटर. त्याच्या जोडीस इंद्रावतीवर भोपालपट्टनम येथे मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांचा दुसरा जलविद्युत प्रकल्प होता. दोहोंच्या जलाशयांखाली सिरोंचा, अहेरी व भामरागड भागातील गावे आणि चांद्याच्या सागवानी अरण्याचा उत्तम भाग जाणार होता.

लवादाचा कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. आंतरराज्य जलविवाद अधिनियम, १९५६, याच्या तिसऱ्या कलमात ‘राज्याचे अथवा त्यातील रहिवाशांचे’ हितसंबंध बाधित झाल्यास विवाद उद्भवतो असे म्हटले आहे. रहिवाशांचा उल्लेख झाला, पण तक्रार करण्याचा अधिकार केवळ राज्य सरकारास राहिला. म्हणून लवादापुढे मुंबई, भोपाळ व हैदराबाद बोलले. सिरोंचा बोलले नाही. किंबहुना १८६० च्या तहात जी पद्धत होती, एका सत्तेने दुसरीस विचारावयाचे, तीच येथे न्यायालयीन वेशात परत आली. तीन राज्ये पाण्याच्या प्रत्येक घनफुटासाठी झगडत असता बुडणाऱ्या गावांविषयी मात्र त्यांच्यात फारसा मतभेद नव्हता, हे या करारांचे एक विलक्षण वैशिष्ट्य आहे.

यानंतर जे घडले ते कायद्याच्या चौकटीबाहेर घडले. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला होता, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माडियांमध्ये राहून वैद्यकीय काम करीत होते. त्यामुळे बुडणाऱ्या प्रदेशाची वार्ता प्रथमच अशा माणसांपर्यंत पोहोचली की ज्यांचे शब्द दिल्लीत ऐकले जात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याने आंदोलनास एक जवळची राजधानी मिळाली. बाबा आमटे यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांस पत्रे लिहिली. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ या घोषणेखाली १९८४ मध्ये हजारो आदिवासी संघटित झाले. आमटे यांच्या बरोबरीने लालश्यामशहा हे या चळवळीचे नेते होते. पानाबरसचे जमीनदार आणि १९६२ मध्ये चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आलेले हे गृहस्थ गोंड समाजात मोठ्या आदरास पात्र होते. ऑगस्ट १९८४ मध्ये इंदिरा गांधी यांनी आमटे यांस जे उत्तर पाठविले त्यात आदिवासींच्या विस्थापनाविषयी खेद आहे, पुनर्वसनातील हयगयीची कबुली आहे, आणि व्यापक हितासाठी कधी कधी अन्य मार्ग उरत नाही असेही म्हटले आहे. दोन महिन्यांनी त्यांची हत्या झाली. प्रकल्प पुढे सरकले नाहीत.

आंदोलनाच्या या यशाचे श्रेय वाटताना दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एक, वन (संवर्धन) अधिनियम, १९८० यामुळे वनजमीन अन्य कामास देण्यास केंद्राची पूर्वसंमती आवश्यक झाली होती. ती नसती तर पंतप्रधानांस लिहिलेल्या पत्रास एवढे महत्त्व आले नसते. १९७८ पासून नदी-खोरे प्रकल्पांची पर्यावरणदृष्ट्या छाननीही सुरू झाली होती, पण ती प्रशासकीय स्वरूपाची होती व तीत लोकांस स्थान नव्हते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. विरोधाचा आवाज दिल्लीपर्यंत गेला तो एका थोर समाजसेवकाच्या व एका माजी खासदार जमीनदाराच्या मध्यस्थीने. चळवळ लोकांची होती यात शंका नाही. परंतु तिची भाषा, तिचे पत्र व तिची घोषणा ही मध्यस्थांची होती. १८६३ मध्ये सरकारने जमीनदारास विचारले, १९८४ मध्ये सरकारने समाजसेवकाचे ऐकले. या दोहोंत नैतिक अंतर फार मोठे आहे, तथापि गावाने गाव म्हणून बोलावे अशी व्यवस्था दोन्ही वेळी नव्हती.

ही उणीव ज्यांना जाणवली त्यांच्यापैकी काहींनी आपला मार्ग बदलला. याच चळवळीच्या सहवासातून धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभेचा प्रयोग उभा राहिला. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. गावाचे निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या संमतीने घ्यावयाचे, त्याआधी अभ्यासमंडळात प्रश्नाची चर्चा करावयाची, आणि दिल्ली-मुंबईचे सरकार आपले असले तरी गावात आपणच सरकार, अशी त्यांची धारणा होती. वन हक्क अधिनियम, २००६ अमलात आल्यावर २००९ मध्ये मेंढ्यास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ज्या धरणाने हा विचार सुचविला ते बांधले गेले नाही, आणि मेंढा त्याच्या बुडीत क्षेत्रातही नव्हते. इतिहासात परिणाम असे आडवाटेने होतात.

याच सुमारास विचारणेचा कायदाही पालटत होता. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांस पूर्वमंजुरी आवश्यक केली, १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने तीत जनसुनावणी आली, आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची आजची रीत ठरविली. दुसऱ्या बाजूने १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य पातळीवरील पंचायतीशी विचारविनिमय आवश्यक केला, आणि ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वळविण्यापूर्वी ग्रामसभेची संमती मागितली. ओडिशातील नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिल्यानंतर बारा ग्रामसभांनी खाणीस नकार दिला; संमतीचा अर्थ नकारही असू शकतो, हे या देशात प्रथमच एवढ्या स्पष्टपणे दिसले. मात्र २०२२ च्या वन (संवर्धन) नियमांनी वन हक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी राज्याकडे, केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर, ढकलली.

सुनावणी व संमती या दोन गोष्टींत सामान्यतः गल्लत केली जाते. जनसुनावणीत जिल्हाधिकारी अथवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरविते, तीस दिवसांची सूचना वृत्तपत्रांतून द्यावी लागते, आणि उपस्थितांची किमान संख्या ठरविलेली नाही. लोक बोलतात, त्यांचे म्हणणे नोंदले जाते, उत्तर प्रकल्पकाने द्यावयाचे असते. निर्णय मात्र अन्यत्र होतो. ग्रामसभेची संमती हा त्याउलट निर्णयच असतो, निदान कायद्याच्या अक्षरानुसार. २००६ च्या अधिसूचनेत असेही म्हटले आहे की, जेथे वृत्तपत्रे पोहोचत नाहीत तेथे दवंडी पिटून व नभोवाणीवरून लोकांस कळवावे. १८७८ च्या जाहीरनाम्याची ‘स्थानिक भाषा’ आणि २००६ ची ही दवंडी यांत एकशे अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे, पण दवंडी कोणत्या भाषेत पिटावी या प्रश्नाशी दोन्ही येऊन थबकतात. माडिया भाषेत वृत्तपत्र नाही. पर्यावरणविषयक अहवालाचा सारांश मराठीत मिळाला तरी एटापल्ली-भामरागडच्या आतील गावांत तो वाचणारा क्वचितच सापडतो. आणि जागेचाही प्रश्न आहे. सुनावणी प्रकल्पस्थळी अथवा त्याच्या निकट व्हावी असे अधिसूचना सांगते. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली ती जिल्ह्याच्या ठिकाणी, गडचिरोलीस, खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरांवर. सुरक्षेचे कारण त्या भागात नेहमीच उपलब्ध असते व ते सर्वस्वी खोटेही नसते, पण एका दिवसाची मजुरी बुडवून तेवढा प्रवास कोण करू शकतो, हे त्यामुळे आपोआप ठरून जाते. सागरी बंदरांच्या बाबतीतही हेच वाद आता होतात. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची सुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी झाली तेव्हा कोळी समाजाचे आक्षेप याच रीतीच्या चौकटीत मांडले गेले.

तिसरी योजना या सर्व कायद्यांच्या उपस्थितीत झाली, आणि म्हणूनच ती अधिक बोधक आहे. तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेलगत तम्मिडीहट्टी येथे प्राणहितेवर १५२ मीटर पातळीचा बंधारा घालण्याचा आधीचा आराखडा महाराष्ट्राच्या बुडिताच्या आक्षेपामुळे अडला होता. तो सोडून तेलंगणाने खाली, प्राणहिता-संगमाच्या पलीकडे, मेडीगड्डा येथे बंधाऱ्याची योजना केली. कोरडवाहू तेलंगणाची पाण्याची गरज खरी होती व अनेक वर्षांची होती, हे मान्य केल्याशिवाय या प्रकरणाचा न्याय्य विचार होणार नाही. २ मे २०१६ रोजी पायाभरणी झाली. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन्ही मुख्यमंत्र्यांनी करार केला व जलसंचयाची पातळी १०० मीटर ठरली. ऑगस्ट २०१७ मध्ये तेलंगणात जनसुनावण्या झाल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात पर्यावरण मंजुरी मिळाली.

हा क्रमच येथे महत्त्वाचा आहे. प्रथम पायाभरणी, मग राज्याराज्यांचा करार, त्यानंतर सुनावणी, शेवटी मंजुरी. अधिसूचनेत योजिलेला क्रम याच्या अगदी उलट आहे. काम पिण्याच्या पाण्यासाठी होते व त्यास पूर्वमंजुरी लागत नाही, असा युक्तिवाद पुढे करण्यात आला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिलेल्या निर्णयात, मोठ्या प्रमाणात काम होऊन गेल्यानंतर दिलेली ही मंजुरी पश्चात-मंजुरी ठरते व ती कायद्यास धरून नाही, असे म्हटले. तोपर्यंत बंधारा उभा राहिला होता. २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले, त्या समारंभास महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही उपस्थित होते. १६० वर्षांपूर्वी तहावर सही करणारे आणि २०१६ मध्ये करारावर सही करणारे यांत एक फरक निश्चित आहे : दुसऱ्यांस लोकांनी निवडून दिले होते. निवडून दिलेल्या सरकारची संमती म्हणजे तीरावरील गावाची संमती मानावी काय, हा प्रश्न १९५६ च्या अधिनियमाने एका प्रकारे सोडविला होता आणि १९९६ व २००६ च्या कायद्यांनी तो पुन्हा उघडला. मेडीगड्ड्याच्या वेळी पहिले उत्तर चालले.

बंधाऱ्याचे डावे टोक सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीजवळ टेकते. पाणी अडविल्यावर त्या बाजूच्या शेतकऱ्यांनी शेते पाण्याखाली जात असल्याच्या, पुराच्या दिवसांत दरवाजांच्या हालचालीने तीर खचत असल्याच्या तक्रारी केल्या. जुलै २०२२ च्या महापुरात या तक्रारींस धार आली, आणि संपादनाचा व मोबदल्याचा प्रश्न घेऊन तालुक्यात धरणे धरली गेली. तक्रार कोणाकडे करावयाची, हीच त्यांची पहिली अडचण होती : बंधारा तेलंगणाचा, जमीन महाराष्ट्राची, मोजणी एका राज्याच्या तलाठ्याने करावयाची व पैसा दुसऱ्या राज्याच्या कोषागारातून यावयाचा.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी बंधाऱ्याच्या सातव्या गटातील खांब खचले. पाणी सोडून देण्यात आले, राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने चौकशी केली, तेलंगणात त्यावरून सरकारवर मोठे राजकीय वादळ उठले व चौकशी आयोग नेमला गेला. त्या चर्चेत खांबाखालची वाळू, आराखडा, ठेकेदारी व खर्च यांचा ऊहापोह विस्ताराने झाला. सिरोंच्याच्या तीरावरील शेतांचा उल्लेख त्यात आला तो ओझरता. तेथील शेतकऱ्यांनी आपली निवेदने गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कचेरीत दिली होती, हैदराबादेत नव्हे.